दुरातोनची घळ, जून महिना आणि ग्रॅव्हल सायकली: एका मार्गआखणीचे प्रकरण

प्रकरण असे होते. पाच जणांचा गट, पाचही जणांकडे ग्रॅव्हल सायकली (म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालवायच्या, जरा रुंद टायरच्या सायकली), जूनचा मध्य, स्पेनमधल्या सेगोव्हिया प्रांतात सेपुल्वेदा गावी मुक्काम आणि हाताशी दोन दिवस. सगळ्यांची इच्छा एकच: दुरातोन नदीच्या घळीतून सायकल चालवायची. एकाने इंटरनेटवरून मार्गाची फाइल उतरवून आणली होती. तिच्यातली रेषा गावाखालच्या ताल्कानो पुलापासून निघायची आणि नदीचा काठ न सोडता वियार दे सोब्रेपेन्या गावाच्या पुलापर्यंत जायची. अंतर दहा-अकरा किलोमीटर. तिथून पुढे वियासेका, मग सान फ्रुतोसचे चर्च आणि परत.

रेषा देखणी होती, यात वाद नाही. मार्ग आखायचे काम माझ्याकडे होते आणि तिचा पहिला टप्पा मी सरळ काढून टाकला. त्यावरून गटात बरीच वादावादी झाली. टप्पा का काढला, त्याच्या जागी काय आले आणि नव्या मार्गावरही अडचण कुठे आली, हे तपशिलात मांडते आहे. नदीची घळ, संरक्षित उद्यान आणि सायकल एकत्र आली की हाच पेच पुन्हा पुन्हा पडतो, आणि दर वेळी तो निघण्याच्या आदल्या रात्री घाईघाईने सोडवला जातो.

जमीन कशी आहे

दुरातोन सोमोसिएराच्या डोंगरात उगम पावते आणि पेन्याफिएलपाशी दुएरो नदीला मिळते. सेपुल्वेदाच्या खाली ती चुनखडीच्या पठारात शिरते आणि तिथून बुर्गोमियोदोच्या धरणापर्यंत एकामागून एक वळणे घेत जाते. काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे शंभर मीटरहून उंच आहेत. 1989 मध्ये या पट्ट्याला नैसर्गिक उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र पाच हजार हेक्टरांहून थोडे जास्त, आणि ते सेपुल्वेदा, सेबुल्कोर आणि कारास्काल देल रिओ या तीन नगरपालिकांत विभागलेले आहे.

सायकलस्वाराने इथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी. सपाट मैदानात नदी वळणे घेते तेव्हा ती दर काही वर्षांनी पात्र बदलते. दुरातोनची वळणे मात्र खडकात उतरलेली आहेत. नदी खाली खाली कापत गेली आणि तिचा नागमोडी आकार तसाच दगडात कोरला गेला. त्यामुळे घळीच्या तळाशी सलग मोकळी जागा अशी फारशी नाहीच. एका वळणावर पाणी या कड्याला घासून जाते, पुढच्या वळणावर त्या कड्याला. पायवाट उरलेल्या अरुंद पट्टीतून, झाडांच्या मुळांवरून आणि पडलेल्या शिळांमधून वाट काढते. वर पठारावर चित्र अगदी उलट आहे: हजार मीटरच्या आसपास उंचीचा सपाट माळ, त्यावर जुनिपरची विखुरलेली झाडे, थाइम आणि लव्हेंडरची खुरटी झुडपे, आणि शेतांकडे जाणारे रुंद कच्चे रस्ते. ग्रॅव्हल सायकल बनली आहे ती या वरच्या रस्त्यांसाठी. तळातली वाट पायी चालणाऱ्यांची आहे.

घळ ओलांडायच्या जागाही मोजक्या आहेत. रस्ता जिथे नदीवरून जातो तिथे आधी पुलापर्यंत तीव्र उतार, मग तेवढाच चढ. नकाशावर दोन गावे हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मध्ये घळ आली की तेच अंतर पायांना दुप्पट वाटते. सामान लावलेली सायकल घेऊन असे दोन-तीन चढ दुपारच्या उन्हात आले तर दमछाक होते. म्हणून पाचही जणांना मी गिअरबद्दल आधीच विचारून घेतले. पुढच्या चक्रीला 40 दाते असतील तर मागची सर्वांत मोठी चक्री किमान तेवढ्या दात्यांची असावी, असा माझा आग्रह होता. सडसडीत तरुणांना हा आग्रह अनाठायी वाटतो, आणि मला तो तरीही धरावासा वाटतो.

फाइलमध्ये काय नव्हते

ती फाइल कोणीतरी ऑक्टोबरमध्ये नोंदवली होती. तारीख तपशिलात होती, पण कोणी पाहिली नव्हती. ताल्कानो पूल ते वियार दे सोब्रेपेन्या ही पायवाट उद्यानाच्या राखीव भागातून जाते आणि 1 जानेवारी ते 31 जुलै या काळात तिच्यावर पाऊल ठेवायला उद्यानाचा परवाना लागतो. ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्याला हे कळायचे काही कारणच नव्हते. त्याने जे पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदवले. त्याची रेषा जूनमध्ये वापरली की तिचा अर्थ बदलतो, एवढेच.

एक जण म्हणाला, "मग परवाना काढू या की. सात महिने बंद आहे असं थोडंच आहे? परवाना घेऊन जाता येतं." मुद्दा बिनतोड होता आणि त्याला नुसते नियमाचे कलम दाखवून उत्तर देणे मला पटले नसते. म्हणून आम्ही परवाना कशासाठी आहे तिथपासून सुरुवात केली.

या कड्यांवर ग्रिफन गिधाडांची फार मोठी वसाहत आहे, पाचशेहून अधिक जोड्यांची. ग्रिफन गिधाडाच्या पंखांचा पसारा अडीच मीटरच्या आसपास असतो. कड्याच्या कपारीत, उघड्या फळीवर ते घरटे करते. मादी वर्षाला एकच अंडे घालते, बहुधा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत. नर-मादी आळीपाळीने सुमारे 55 दिवस ते उबवतात. पिल्लू बाहेर आले की पुढे जवळजवळ चार महिने घरट्यात असते. हिशेब मांडला तर पिल्लू उडायला जुलै उजाडतो. परवान्याच्या तारखा या हिशेबावरून आलेल्या आहेत. अंडे थंड पडले किंवा पिल्लू बिचकून कडेवरून खाली गेले, तर त्या जोडीचे ते वर्ष सहसा वाया जाते. शिवाय या पक्ष्याला अंडे घालण्याइतके मोठे व्हायला चार-पाच वर्षे लागतात.

मराठी वाचकाला गिधाडांबद्दल वेगळे सांगायची गरज नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे भारतातली गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक गेली आणि 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे आपण पाहिले आहे. तेच औषध स्पेनने 2013 मध्ये जनावरांसाठी मंजूर केले. युरोपातल्या गिधाडांचा फार मोठा हिस्सा स्पेनमध्ये राहतो, हे लक्षात घेतले की दुरातोनच्या कड्यांचे मोल कळते. त्याआधी 2001 नंतर, गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने युरोपीय नियमांनी मेलेली जनावरे उघड्यावर टाकायला मनाई केली, तेव्हा स्पेनमधली गिधाडे उपाशी राहू लागली होती. पुढे नियम सैल झाले. म्हणजे हा पक्षी संख्येने आज बरा दिसत असला, तरी त्याचे भरणपोषण माणसाच्या एका निर्णयावर लटकलेले आहे.

तरीही "परवाना घेऊन जाऊ" हा पर्याय उरतोच. परवाना मिळतो, माणसे जातात, त्यात गैर काही नाही. माझा मुद्दा सायकलचा होता. परवाना घेऊन चालणारा माणूस घळीत सावकाश, एका लयीत आणि बहुतेक वेळ झाडांच्या आडोशाने जातो. त्याच वाटेवर पाच सायकली म्हणजे दर काही मीटरवर उतरणे, सायकल खांद्यावर घेणे, एकमेकांना हाका मारणे, ब्रेकची कुरकुर, शिळेवर आपटलेले पेडल. दहा किलोमीटरला चार-पाच तास सहज लागले असते आणि त्यातला बराच वेळ घरट्यांच्या खाली गेला असता. वाट सायकलच्या कामाची नाही आणि ऋतू गिधाडांच्या पिल्लांचा आहे. यांतले एकच कारण असते तर मी कदाचित वाद घातला नसता. दोन्ही एकत्र आल्यावर तो टप्पा काढणेच योग्य होते असे माझे आजही मत आहे.

"इतक्या लांब यायचं आणि घळीत उतरायचंच नाही?" हा प्रश्न मग निघालाच. त्यावरचे उत्तर आम्हाला सान फ्रुतोसला मिळणार होते.

वरचा रस्ता रिकामा नसतो

नवा मार्ग असा ठरला: पहिल्या दिवशी डांबरी रस्त्याने वियार दे सोब्रेपेन्या, तिथून वियासेका, वियासेकाहून कच्च्या रस्त्याने सान फ्रुतोसच्या वाहनतळापर्यंत, सायकली तिथे लावून पायी चर्चपर्यंत, आणि परतीच्या वाटेवर माळावरचे शेतरस्ते. दुसरा दिवस सेबुल्कोर आणि कांतालेहोच्या बाजूच्या पाइनच्या जंगलांसाठी.

घळ टाळली, म्हणजे पक्ष्यांचा प्रश्न सुटला, असे सगळ्यांना वाटले. प्रकरणाचा खरा अवघड भाग इथून सुरू होतो.

या परिसरातल्या माळांवर ड्यूपाँटचा चंडोल राहतो. युरोपात हा पक्षी जवळजवळ फक्त स्पेनमध्येच उरला आहे आणि तिथेही त्याची संख्या घटत चालली आहे. त्याला हवी असते सपाट किंवा अगदी मंद उताराची जमीन आणि गुडघ्याच्याही खाली राहणारी विरळ झुडपे. म्हणजे नेमकी तीच जमीन, जी पाहून सायकलस्वार म्हणतो, "इथे काय आहे, मोकळा माळ तर आहे." रंगाने मातकट, चोच थोडी बाकदार. धोका जाणवला की तो उडत नाही, झुडपांमधून पळतो. त्यामुळे तो दिसत नाही, आणि दिसला नाही म्हणून आपण त्याला त्रास दिला हेही कळत नाही. घरटे जमिनीवर, झुडपाच्या बुंध्याशी. विणीचा हंगाम वसंत ऋतूपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जूनमध्येही घरट्यांत पिल्ले असू शकतात.

गिधाड आकाशात फिरते, त्याच्यासाठी फलक लागतात, दुर्बिणी रोखल्या जातात. चंडोलाच्या नशिबी यातले काही नाही. आणि ग्रॅव्हल सायकलींचा संबंध गिधाडांपेक्षा चंडोलाशी कितीतरी अधिक येतो, कारण आपण दिवसभर चालवतो त्या माळावर तो राहतो.

आता पेच पाहा. जूनमध्ये या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. दुपारी माळावर सावली नाही, तापमान तिशीच्या वर सहज जाते. सायकलिंगचे साधे शहाणपण सांगते की अंधार असतानाच निघावे, उजाडता उजाडता माळ पार करावा आणि ऊन चढायच्या आत गावात पोहोचावे. आणि ड्यूपाँटचा चंडोल गातो तो नेमका पहाटेच्या अंधारात, सूर्योदयाच्या आधीच्या तासाभरात. नर आपली हद्द राखतो, मादीला बोलावतो ते त्या वेळी. हेडलाइट लावलेल्या पाच सायकली त्या वेळी माळावरून नेणे म्हणजे त्याच्या दिवसातला सर्वांत मोलाचा तास मोडणे.

माणसांची प्रकृती की पक्ष्याचा तास, अशी निवड करायची वेळ आली तर मी माणसांची प्रकृती आधी पाहीन. उष्माघात ही खेळायची गोष्ट नाही. पण इथे तशी निवड करायची गरजच नव्हती, नुसता क्रम बदलायचा होता. डांबरी टप्पा आधी घेतला आणि कच्चा टप्पा चांगले उजाडल्यावर. सातच्या सुमारास सेपुल्वेदा सोडायचे, घळ ओलांडण्याचे चढ गार हवेत डांबरावर उरकायचे, वियासेकाला पोहोचेपर्यंत पहाटेचे गाणे संपलेले असेल. सान फ्रुतोस आटोपून दुपारी बाराच्या आत माळ सोडायचा. बारानंतरचा शेतरस्त्यांचा जो भाग उरत होता तो मी कमी केला. अंतर पंधरा किलोमीटरने घटले. दोघांना ते खटकले, पण मान्य झाले.

माळावर चालवण्याचे नियमही ठरवले, आणि ते कागदावरचे नियम म्हणून नव्हे तर कारणांसह. एका मागे एक, चाकोरीतच. कच्च्या रस्त्यावर खड्डा किंवा चिखल आला की आपण सहज कडेच्या झुडपातून वळसा घेतो. पुढचा त्याच वळशावरून जातो आणि वर्षभरात रस्ता दोन मीटर रुंद होतो. रुंद झालेली ती पट्टी चंडोलाच्या घराची असते. थांबायचे ते फक्त रस्ते मिळतात तिथे, कारण तिथली जमीन आधीच तुडवलेली असते. लघवीला झुडपांत लांबवर जायचे नाही, हेही बोलून घेतले. असे बोलायला संकोच वाटतो, पण प्रत्यक्षात झुडपांत पाऊल पडते ते बहुतेक याच कारणाने. आणि सायकलवर गाणी लावायची नाहीत.

टायरचा प्रश्न, जो दोन दिवसांत दोनदा बदलतो

या भागात टायर निवडणे कठीण आहे, कारण पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत जमीन दोन टोकांची होते. घळीच्या बाजूच्या माळावर चुनखडीचे कोनदार तुकडे. नदीतल्या गोट्यांसारखे ते गुळगुळीत नसतात, फुटलेल्या खडकाच्या धारा तशाच राहिलेल्या असतात. त्यांनी टायरचा माथा क्वचित फाटतो, फाटते ती बाजूची भिंत. उलट सेबुल्कोर-कांतालेहोच्या बाजूला पाइनच्या जंगलात वाळू, कुठे कुठे रिमपर्यंत रुतेल अशी. दगडासाठी जाड भिंतीचे टायर आणि जरा जास्त हवा हवी. वाळूसाठी रुंद टायर आणि कमी हवा.

गटात चौघांकडे 45 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर होते, एकाकडे 38 चे. 38 वाल्याला मी दुसऱ्या दिवसाबद्दल आधीच सावध केले. 45 मिलिमीटरला, सत्तर किलोच्या आसपास वजनाच्या स्वारासाठी, माळावर हवेचा दाब पुढे 28 आणि मागे 31 पीएसआय ठेवला. वाळूच्या तोंडाशी थांबून ते बाविसाच्या आसपास आणायचे, जंगल संपले की परत भरायचे. यासाठी मापक असलेला हातपंप गटात एक तरी हवा. अंगठ्याने दाबून घेतलेला अंदाज वीस आणि तीसमधला फरक सांगू शकत नाही. सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरच्या आतले छिद्र बुजवणारे द्रावण, निघण्याआधी नवे भरले, कारण कोरड्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकते आणि टायरच्या आत नुसती रबराची पापुद्री उरते. भिंत फाटली तर आतून लावायला जाड तुकडा आणि प्रत्येकाकडे एक ट्यूब, कारण इंचभर चिरेला सीलंट पुरत नाही.

पहिल्याच दिवशी ते घडले. वियासेका ते सान फ्रुतोस हा रस्ता मोटारीही वापरतात, त्यामुळे तो रुंद आहे आणि मधूनमधून आडव्या लाटांसारखा खवल्याखवल्यांचा झाला आहे. एक जण मोटारीला वाट द्यायला कडेला गेला आणि दगडाच्या धारेने मागच्या टायरची भिंत चिरली. आतून तुकडा, मग ट्यूब, मग थोडी जास्त हवा. वीस मिनिटे गेली. इथून पुढे मोटार दिसली की रस्त्याच्या कडेलाच, पण सायकलवरून उतरून थांबायचे असे ठरले. धुळीचा लोटही त्यामुळे नाकातोंडात कमी जातो.

सान फ्रुतोस

वाहनतळापासून चर्चपर्यंत सुमारे एक किलोमीटर चालावे लागते. सायकली कुलूप लावून ठेवल्या. बुटांखाली क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे कठीण तुकडे, असतील तर चुनखडीच्या उतारावर पाय घसरतो, म्हणून आम्ही साधे हलके बूट बरोबर आणले होते. सायकलवर जाणाऱ्याने हे ओझे जरूर वाहावे, कारण कड्याच्या टोकाला कठडा नाही.

चर्च उभे आहे ते नदीच्या वळणाने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या खडकाच्या जिभेवर. धरणाचे पाणी इथपर्यंत मागे येत असल्याने खाली नदी रुंद, हिरवी आणि संथ दिसते. सान फ्रुतोस सातव्या-आठव्या शतकातला एकांतवासी मानला जातो. सेगोव्हियाचा तो संरक्षक संत, आणि 25 ऑक्टोबरला त्याचा सण असतो. आजचे रोमानेस्क चर्च 1100 मध्ये अर्पण झाले. सिलोसच्या बेनेडिक्टाइन मठाच्या अखत्यारीतले हे ठिकाण होते. जिभेच्या सुरुवातीला खडकात एक आरपार भेग आहे आणि तिच्यावर छोटा पूल. चालून येणाऱ्या फौजेला अडवण्यासाठी संताने काठीने रेघ ओढली आणि खडक दुभंगला, अशी कथा तिथले लोक सांगतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. गिधाडांच्या दृष्टीने ही वेळ महत्त्वाची. एवढा जड पक्षी पंख मारत फार काळ उडू शकत नाही. त्याला तापलेल्या कड्यांवरून वर चढणारी हवा लागते. सकाळी तो कपारीत बसून वाट पाहतो. मग एक झेपावतो, गोल फिरत उंची घेतो, त्याला पाहून दुसरा. कड्याच्या टोकावर उभे राहिले की ती आपल्या पायांखालून येतात, डोळ्यांच्या पातळीवरून जातात आणि वर निघून जातात. त्यांची पाठ दिसते, पंखांच्या टोकाची बोटांसारखी पसरलेली पिसे दिसतात, वारा पिसांतून जाताना होणारा आवाज ऐकू येतो. घळीच्या तळातून हे दिसले नसते. तिथून गिधाड म्हणजे आभाळाच्या चिंचोळ्या पट्टीत हलणारा काळा ठिपका.

घळीत उतरायचेच नाही का, असे विचारणारा गडी तिथे सर्वांत जास्त वेळ थांबला. शेवटी आम्हालाच त्याला उठवावे लागले.

पण कड्याच्या टोकाचीही एक मर्यादा आहे. घरटी आपल्याच खालच्या भिंतीत असतात. टोकावर अचानक उगवलेली माणसाची आकृती पक्ष्याला फार बिचकवते, कारण त्याला ती आधी येताना दिसत नाही. म्हणून आखलेल्या वाटेवरच राहिलो, वाकून खाली पाहण्याचे टाळले, आवाज खाली ठेवला. दगड खाली जाणार नाही याची काळजी तर घ्यायलाच हवी. छोटा खडाही शंभर मीटरवरून खाली गेला तर घरट्यासाठी आणि खाली पाण्यावर होडीत असलेल्या माणसासाठी सारखाच धोकादायक.

पाणी, ऊन आणि फोन

प्रत्येकी तीन लिटर पाणी घेतले होते आणि ते परतीपर्यंत जेमतेम पुरले. गावांत सार्वजनिक नळ असतात, पण लहान गावांत पाणी प्रक्रिया केलेले नाही अशी पाटी असू शकते. ती वाचूनच भरावे. उन्हाळ्यात माळावर वाहते पाणी धरून चालू नये. घळीत किंवा पुलांजवळच्या खोलगट भागात फोनला रेंज जाते आणि जीपीएसची रेषाही वेडीवाकडी होते, कारण कड्यांवरून उपग्रहाचे संकेत परावर्तित होऊन येतात. म्हणून मार्गाचा नकाशा फोनवर आधीच उतरवून ठेवला. अडचणीच्या वेळचा क्रमांक 112. गावांबाहेरच्या रस्त्यांवर स्पेनमध्ये हेल्मेट सक्तीचे आहे. डांबरी टप्प्यांवर ते केवळ सुरक्षेचा नाही, कायद्याचाही भाग आहे.

दुसरा दिवस

याबद्दल थोडक्यात. पाइनच्या जंगलात सावली होती, राळेचा वास होता. खोडांवर राळ गोळा करण्यासाठी घेतलेल्या खाचा आणि खाली लावलेली भांडी दिसली, कारण सेगोव्हियात हा धंदा अजून चालतो. वाळूने 38 मिलिमीटरवाल्याचा अंत पाहिला. तो बराच वेळ सायकल ढकलत होता. बाकीच्यांनी हवा कमी करून, पुढचे चाक सैल धरून आणि वळणांवर घाई न करता वाळू पार केली. 45 मिलिमीटर ही इथली खालची मर्यादा समजावी, 50 बसत असेल तर उत्तम, असे मी आता सांगेन.

उरलेले काम

पायवाटेचा तो पहिला टप्पा आम्ही सोडला तो जूनपुरता. ऑगस्टपासून परवान्याची अट नसते, पण ऑगस्टमध्ये उन्हाचा आणि गर्दीचा प्रश्न राहतो. म्हणून गटाने ऑक्टोबर ठरवला आहे, आणि ताल्कानो ते वियार दे सोब्रेपेन्या हा भाग पायीच जायचे, सायकली सेपुल्वेदातच ठेवायच्या. त्या वेळच्या आखणीत वेगळे मुद्दे आहेत. पाऊस पडून गेला असेल तर शेतरस्त्यांची चिकणमाती चाक आणि फ्रेमच्या मध्ये घट्ट भरते आणि चाक फिरेनासे होते. तेव्हा 45 मिलिमीटरऐवजी अरुंद टायर लावून फ्रेममध्ये जागा ठेवावी की त्या दिवशी डांबरावरच राहावे, यावर आमचे अजून एकमत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस शिकारीचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी भडक रंगाचे कपडे घालायचे आणि शिकारीची पाटी लागलेला रस्ता सोडून द्यायचा. 25 तारखेच्या आसपास सान फ्रुतोसला भाविकांची गर्दी असते, तेव्हा वियासेकाचा कच्चा रस्ता सायकलसाठी टाळावा. मूळ फाइल मी दोन भागांत तोडली आहे: एक पायी चालण्याचा, त्याच्या नावातच "1 ऑगस्ट ते 31 डिसेंबर" असे घातले आहे, आणि दुसरा सायकलचा, ज्याच्या सुरुवातीच्या टिपेत माळावरचा भाग सूर्योदयानंतरच घ्यावा असे लिहिले आहे.